होमोसिस्टीनचं प्रकरण: दोन मुलांच्या धमन्या, एक पॅथॉलॉजिस्ट आणि बी व्हिटॅमिनच्या गोळ्या

किल्मर मॅककली हे नाव ज्यांच्या कानावर आलंय त्यांनी ते बहुतेक एकाच साच्यात ऐकलेलं असतं. हार्वर्डचा हुशार डॉक्टर, हृदयरोगात कोलेस्टेरॉलपेक्षा दुसरंच काहीतरी आहे म्हणाला, त्याला बाहेरचा रस्ता दाखवला, आणि वीसेक वर्षांनी सगळे म्हणाले अरे हा तर बरोबर होता. यातला सुरुवातीचा भाग बऱ्यापैकी खरा आहे, शेवटचं वाक्य मात्र अर्धवट आहे, आणि गोळ्या विकणारे नेमकं तेच वाक्य उचलतात. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतोय, कारण यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पन्नास वर्षं लोक ते एकच समजून भांडतायत.

सुरुवात एका दुर्मिळ आजारापासून. १९६२ मध्ये बेलफास्टला आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनला, दोन्हीकडे स्वतंत्रपणे, काही मुलांच्या लघवीत होमोसिस्टीन नावाचा पदार्थ भरपूर सापडला. होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल, त्याचा शोध आधीच लागलेला होता, १९३२ मध्ये व्हिन्सेंट डू व्हिन्यो यांनी तो लावला होता, पण त्याने आजार होतो हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. या मुलांची वाढ मंद, डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलेलं, हातपाय लांबसडक, आणि लहान वयातच रक्ताच्या गुठळ्या. आजाराचं नाव पडलं होमोसिस्टिनुरिया.

१९६५ च्या सुमारास बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अशीच एक मुलगी तपासली गेली. घरच्यांनी सांगितलं की हिचा एक मामा लहानपणी असाच काहीतरी होऊन गेला होता, आणि गंमत अशी की तो गेला याच हॉस्पिटलमध्ये, १९३३ मध्ये, आठ वर्षांचा असताना. म्हणजे केस छापलेली होती, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये. डोकेदुखी, उलट्या, गुंगी, मग शरीराची एक बाजू लुळी आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. आठ वर्षांच्या मुलाला स्ट्रोक! शवविच्छेदनात मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी अरुंद आणि गुठळीने बंद झालेली दिसली. तेव्हाच्या डॉक्टरांनी जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, कारण कळलं नाही, फाइल बंद.

पॅथॉलॉजी विभागाची एक चांगली सवय असते, ते काही फेकत नाहीत. तीन दशकांनंतरही त्या मुलाचं मटेरियल जपून ठेवलेलं होतं, तिथे पॅथॉलॉजिस्ट असलेल्या मॅककलींनी ते बाहेर काढलं आणि परत मायक्रोस्कोपखाली घातलं. फक्त कॅरोटिडच नाही तर शरीरातल्या बऱ्याच लहान धमन्यांच्या भिंती जाड झाल्या होत्या. आतला थर तंतूंनी भरलेला, लवचिक पट्टी जागोजागी तुटलेली. पण एक गोष्ट तिथे नव्हती, चरबी. म्हाताऱ्या माणसाच्या धमनीत जो पिवळा मऊ गाळ असतो, ज्यावर त्या काळातलं सगळं कोलेस्टेरॉल संशोधन उभं होतं, तो या मुलाच्या धमन्यांत जवळपास नव्हताच. धमनी कडक झालीय, अरुंद झालीय, आणि चरबीशिवाय झालीय. हे पाहणाऱ्याला झोप न लागणं स्वाभाविक आहे.

पण एका केसवरून काय सिद्ध होणार. त्या मुलीला जो दोष होता तो एका एन्झाइमचा, सिस्टाथायोनिन बीटा सिंथेज त्याचं नाव, आणि त्यामुळे रक्तात होमोसिस्टीनही वाढतं आणि मेथिओनिनही वाढतं. मग धमन्या कोणी खराब केल्या, होमोसिस्टीनने की मेथिओनिनने? की पुढचा पदार्थ सिस्टाथायोनिन तयारच होत नाही म्हणून? तीन संशयित आणि तिघंही एकाच वेळी घटनास्थळी हजर.

इथे थोडी केमिस्ट्री सांगायलाच लागेल, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. जेवणातल्या प्रथिनांतून मेथिओनिन येतं, शरीर ते वापरतं आणि त्यातून होमोसिस्टीन उरतं. होमोसिस्टीन म्हणजे एसटी स्टँड धरा, तिथून दोनच गाड्या सुटतात. एक गाडी परत मेथिओनिनकडे जाते, तिला फोलेट (हेही बी गटातलंच व्हिटॅमिन) आणि बी१२ लागतं. दुसरी सिस्टाथायोनिनकडे आणि तिथून पुढे सिस्टीनकडे जाते, तिला बी६ लागतं. यातली कुठलीही गाडी बंद पडली की गर्दी साठते. त्या मामा-भाचीची दुसरी गाडी बंद होती.

आता दुसरी केस. १९६८ मध्ये त्याच हॉस्पिटलमध्ये दोन महिन्यांचं एक बाळ दगावलं. त्याच्यातही होमोसिस्टीन वाढलेलं होतं पण दोष वेगळा, बी१२ ला त्याच्या कामाच्या रूपात आणण्याची यंत्रणाच बिघडलेली, म्हणजे या बाळाची पहिली गाडी बंद. त्यामुळे आकडे उलटे. मेथिओनिन कमी, सिस्टाथायोनिन भरपूर, होमोसिस्टीन भरपूर. मॅककलींनी या बाळाच्या धमन्या पाहिल्या आणि तेच चित्र, दोन महिन्यांच्या बाळात! जाड झालेल्या भिंती, सगळ्या अवयवांत पसरलेल्या, चरबी नाही.

म्हणजे बघा, पहिल्या मुलात मेथिओनिन जास्त आणि दुसऱ्यात कमी, तरी धमन्या सारख्याच खराब, तो संशयित सुटला. सिस्टाथायोनिन पहिल्यात नाही आणि दुसऱ्यात भरपूर, तोही सुटला. दोन्हीकडे हजर राहिला तो एकटा होमोसिस्टीन. मला हा युक्तिवाद अजूनही वैद्यकातल्या सगळ्यात देखण्या युक्तिवादांपैकी एक वाटतो, कारण यात ना मोठं यंत्र आहे ना हजारो पेशंट, फक्त दोन मृत मुलं, त्यांच्या स्लाइड आणि कोणता पदार्थ कुठे वाढलाय याची नीट नोंद. १९६९ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी’त पेपर आला. पुढे १९७० च्या दशकात तिसऱ्याच एन्झाइमचा दोष, ज्याला एमटीएचएफआर म्हणतात, असलेल्या मुलांतही असेच धमन्यांचे बदल सापडले, तिथेही होमोसिस्टीन वाढलेलं असतं. म्हणजे पहिला प्रश्न, होमोसिस्टीन खूप वाढलं तर धमन्या बिघडतात का, याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं झालं. हो, बिघडतात.

पण त्या पेपरच्या शीर्षकातच दुसरा प्रश्न घुसवलेला होता: सर्वसामान्य माणसाच्या आर्टरिओस्क्लेरोसिसमध्येही, म्हणजे धमन्या कडक आणि जाड होण्यातही, हेच कारण असेल का? आणि इथे पाऊल फार लांब पडतं. होमोसिस्टिनुरियाच्या पेशंटमध्ये रक्तातली पातळी बरेचदा लिटरला १०० मायक्रोमोलच्या वर असते, तुमच्या माझ्यासारख्यांची ५ ते १५ च्या दरम्यान. १०० ला विष आहे म्हणून १४ ला थोडं विष आहे असं आपोआप होत नाही. होऊ शकतं, पण दाखवून द्यावं लागतं. मॅककलींनी सशांना होमोसिस्टीनचं एक रूप देऊन धमन्यांत बदल दाखवले, पण दुसऱ्या एका गटाने लहान सशांवर तेच करून बघितलं तर त्यांना ते जमलं नाही आणि त्यांनी १९७४ मध्ये तसं छापलं. माकडांवरच्या प्रयोगांत पुन्हा धमनीला इजा दिसली. एकूण कोणालाही आपल्या मनासारखा पुरावा उचलता येईल अशी अवस्था.

१९७५ मध्ये मॅककलींनी ‘होमोसिस्टीन थिअरी ऑफ आर्टरिओस्क्लेरोसिस’ या नावानेच पेपर लिहिला, आणि त्यात साध्या आहारातल्या बी६ सारख्या व्हिटॅमिनच्या कमतरतेशी हृदयरोगाचं नातं जोडलं. तो काळ कोलेस्टेरॉलचा. पैसा तिकडे, माणसं तिकडे. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांना हार्वर्ड आणि तो हॉस्पिटल दोन्ही सोडावं लागलं, काही काळ नोकरीच मिळेना, १९८१ मध्ये ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्समधल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून लागले. यावर मी फार लिहीत नाही, एवढंच म्हणतो की एखाद्याला वाईट वागवलं गेलं यावरून त्याचं म्हणणं खरंही ठरत नाही आणि खोटंही. लोक इथेच घसरतात.

मधल्या काळात बाकीचे काम करत होते. ऑस्ट्रेलियात विल्कन पतीपत्नींनी १९७६ मध्ये हृदयरोगाच्या पेशंटना मेथिओनिनचा डोस देऊन दाखवलं की त्यातल्या काहींना होमोसिस्टीन नीट पचवता येत नाही. मग १९८० च्या दशकात रक्तातलं एकूण होमोसिस्टीन मोजायच्या चांगल्या पद्धती आल्या, यात नॉर्वेच्या बर्गनमधल्या लोकांचं काम मोठं, आणि एकदा मोजता यायला लागल्यावर पेपरांचा पूर आला. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १५,००० पुरुष डॉक्टरांच्या अभ्यासात, ज्यांचं होमोसिस्टीन सगळ्यात वरच्या पाच टक्क्यांत होतं त्यांना हार्ट अटॅकचा धोका साधारण तिप्पट निघाला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या वृद्धांत दिसलं की ज्यांच्या पोटात फोलेट, बी१२, बी६ कमी जातंय त्यांचंच होमोसिस्टीन जास्त, आणि १९९५ मध्ये त्याच वृद्धांत होमोसिस्टीन जास्त असलेल्यांच्या कॅरोटिड जास्त अरुंद. स्वस्त गोळी, साधा उपाय, निरुपद्रवी, अजून काय पाहिजे.

तर आता खरी परीक्षा. ट्रायल, म्हणजे चिठ्ठ्या टाकून पेशंटचे गट पाडायचे, एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि फरक बघायचा.

१९९८ पासून अमेरिकेत धान्याच्या पिठात फोलिक आम्ल (फोलेटचंच गोळीतलं रूप) घालणं सक्तीचं झालं, १०० ग्रॅमला १४० मायक्रोग्रॅम, आणि ते हृदयासाठी नव्हतं, बाळांच्या मणक्यातले जन्मजात दोष टाळण्यासाठी होतं. कॅनडातही तसंच. त्या उपक्रमासाठी उत्तम, पण ट्रायलवाल्यांची मात्र पंचाईत, कारण ज्यांना गोळी द्यायची नाही त्यांनाही आता ब्रेडमधून फोलेट मिळायला लागलं. व्हिस्प नावाची स्ट्रोक पेशंटची ट्रायल यात सापडली. ३,६८० पेशंट, एका गटाला मोठा डोस, दुसऱ्याला छोटा, आणि त्या ‘छोट्या’ डोसमध्येसुद्धा ६ मायक्रोग्रॅम बी१२ होतं म्हणजे रोजच्या गरजेपेक्षा जास्तच. २००४ मध्ये निकाल, दोन्ही गटांत होमोसिस्टीनचा फरक २ मायक्रोमोल आणि स्ट्रोकमध्ये फरक शून्य.

२००६ मध्ये दोन मोठे निकाल एकत्रच आले. नॉर्वेत पिठात फोलेट घालत नव्हते, म्हणजे तिथे व्हिस्पची पळवाट नव्हती. नॉर्व्हिट, ३,७४९ पेशंट, हार्ट अटॅक येऊन गेलेले. होमोसिस्टीन २७ टक्के उतरलं. फायदा काहीच नाही, उलट फोलिक आम्ल, बी१२ आणि बी६ तिन्ही एकत्र घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, स्ट्रोक अशा घटना थोड्या जास्तच. दुसरी होप-२, ५,५२२ पेशंट, पाच वर्षं. मुख्य निकालात अशा घटना गोळीवाल्यांत १८.८ टक्के आणि प्लासिबोवाल्यांत, म्हणजे नकली गोळी घेणाऱ्यांत, १९.८, म्हणजे फरक नाही असंच म्हणायचं. फक्त स्ट्रोक कमी, ४.० विरुद्ध ५.३ टक्के. त्यावेळी बहुतेकांनी ते योगायोग म्हणून बाजूला ठेवलं. २०१० मध्ये आठ ट्रायल एकत्र करून ३७,४८५ लोकांचं गणित मांडलं गेलं, होमोसिस्टीन साधारण २५ टक्के कमी, हृदयरोगावर, स्ट्रोकवर, मृत्यूवर परिणाम नाही.

इथे एक तुलना करायलाच हवी. १९९४ मध्ये कोलेस्टेरॉलवाल्यांची फोर-एस ट्रायल आली होती, ४,४४४ पेशंट, स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने मृत्यू ३० टक्के कमी. कोलेस्टेरॉलच्या बाजूने मॅककलींना त्रास झाला असेल नसेल, पण कोलेस्टेरॉल परीक्षेत पास झालं. होमोसिस्टीन त्याच परीक्षेला बसलं आणि नापास झालं, निदान त्या पेपरात. कारस्थानाची गोष्ट सांगणारे हा परिच्छेद नेहमी गाळतात.

मग जनुकांचा पुरावा. एमटीएचएफआर जनुकाचा एक सामान्य प्रकार असतो ज्यामुळे जन्मापासूनच होमोसिस्टीन थोडं जास्त राहतं. तर तसे लोक हृदयरोगाने जास्त आजारी पडतात का? छापलेल्या अभ्यासांत थोडं हो दिसायचं. २०१२ मध्ये न छापलेला मोठा डेटा एकत्र करून बघितला, तर हृदयरोगावर परिणाम जवळजवळ नाहीच. म्हणजे ज्यांना ‘सापडलं’ त्यांचे पेपर छापले गेले आणि ज्यांना नाही सापडलं त्यांचे पडून राहिले. हे मला ट्रायलपेक्षाही जास्त बोचतं.

आता डेव्हिड स्पेन्स. कॅनडातल्या लंडन, ऑन्टारिओचे न्यूरॉलॉजिस्ट, कॅरोटिडमधला प्लाक (भिंतीवर साठलेला थर) अल्ट्रासाउंडने मोजण्याबद्दल ओळखले जातात, आणि बी व्हिटॅमिनच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, ट्रायलमध्ये सगळ्यांना एकत्र कोंबलंय. व्हिस्पच्या आकड्यांतून ज्यांचं बी१२ खूप कमी किंवा खूप जास्त आहे आणि ज्यांची किडनी खराब आहे असे लोक वगळले तर उरलेल्या २,१५५ जणांत मोठ्या डोसने घटना २१ टक्के कमी दिसतात. ऐकायला सोयीचं वाटतं, निकाल लागल्यावर गट पाडून बघायचं, आणि मी अशा पोटगटांवर एरवी शून्य विश्वास ठेवतो.

पण मग याच माणसाने स्वतः भाग घेतलेल्या ट्रायलमधून स्वतःच्याच विरोधातला निकाल आला आणि त्याने तो लपवला नाही. २०१०, डिव्हाइन, डायबेटिसमुळे किडनी बिघडलेले २३८ पेशंट, रोज २.५ मिलिग्रॅम फोलिक आम्ल, २५ मिलिग्रॅम बी६, १ मिलिग्रॅम बी१२. तीन वर्षांत गोळीवाल्यांची किडनीची गाळण्याची क्षमता सरासरी मिनिटाला १६.५ मिलिलिटरने घसरली, प्लासिबोवाल्यांची १०.७ ने. आणि हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे घटना गोळीवाल्यांत दुप्पट. ‘व्हिटॅमिन आहे, घेतलं तर काय बिघडतंय’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

स्पेन्स यांनी यातून काढलेला अर्थ असा की गोळीतलं बी१२ बहुतेक सायनोकोबालामिन असतं, त्यात सायनाइडचा एक अंश असतो, निरोगी किडनी त्याची विल्हेवाट लावते पण खराब किडनीला ते जड जातं. म्हणजे त्याच गोळीने किडनी चांगली असलेल्यांचा फायदा आणि खराब असलेल्यांचं नुकसान होत असेल, तर सरासरी शून्य येणारच. ही कल्पना आहे, सिद्ध झालेली नाही, पण निदान तपासता येईल अशी आहे. आणि किडनीचा अजून एक गुंता, किडनी खराब झाली की होमोसिस्टीन आपोआपच वाढतं, त्यामुळे १९९० च्या दशकातल्या त्या सगळ्या अभ्यासांत होमोसिस्टीनने धमन्या बिघडवल्या की हळूहळू बिघडत चाललेल्या किडनीने दोन्ही केलं, हे वेगळं काढणं कठीण.

२०१५ मध्ये चीनमधून निकाल आला तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. २०,७०२ ब्लड प्रेशरचे पेशंट, आधी स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक न आलेले, तिथे पिठात फोलेट घालत नाहीत. सगळ्यांना एनालाप्रिल हे ब्लड प्रेशरचं औषध, अर्ध्यांना सोबत ०.८ मिलिग्रॅम फोलिक आम्ल. साधारण साडेचार वर्षांत पहिला स्ट्रोक ३.४ टक्क्यांवरून २.७ वर. हा पोटगट नाही, हाच मुख्य प्रश्न होता. हार्ट अटॅकवर मात्र इथेही फरक दिसला नाही. नंतर २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (यात अनेक ट्रायल एकत्र तपासतात) ७१,४२२ लोकांचं मिळून तेच, हार्ट अटॅकवर काही नाही, स्ट्रोकवर साधारण दहा टक्के घट. होप-२ मधला तो ‘योगायोग’ मग कदाचित योगायोग नव्हता.

तर माझं मत. मॅककलींनी मायक्रोस्कोपखाली जे पाहिलं त्यात काडीची चूक नाही, आणि त्या आजाराच्या पेशंटना याचा प्रत्यक्ष फायदा झाला, हे कोणी सांगतच नाही. उपचार नसलेल्या होमोसिस्टिनुरियात तिशीपर्यंत रक्तवाहिन्यांची मोठी घटना घडण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असायची. २००१ मध्ये १५८ उपचार घेणाऱ्या पेशंटचा हिशोब छापला गेला, उपचार नसते तर ११२ घटना अपेक्षित होत्या, घडल्या १७. होमोसिस्टीन कमी केल्याने धमन्या वाचतात याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही, फक्त तो १०० वाल्यांचा आहे. १४ वाल्यांसाठी उत्तर वेगळं आहे: हृदयासाठी गोळी घेण्यात अर्थ नाही, आणि स्ट्रोकसाठी फायदा असला तर तो छोटा, आणि ज्यांना मुळात फोलेट कमी पडतंय अशांमध्ये जास्त.

दवाखान्यात याचा वापर काय, तर तरुण माणसाला विनाकारण स्ट्रोक किंवा गुठळी झाली तर होमोसिस्टीन जरूर मोजा, ते ५०-६० च्या वर निघालं तर ती वेगळीच केस आहे. वय झालेल्यात ते वाढलेलं दिसलं तर आधी क्रिएटिनिन (किडनी कशी आहे ते सांगणारी तपासणी) आणि बी१२ बघा, बी१२ न बघता नुसतं फोलिक आम्ल ढकलू नका, कारण रक्ताचे रिपोर्ट सुधारतात आणि मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. आणि डायबेटिसने किडनी खराब झालेल्याला होमोसिस्टीन उतरवायला म्हणून मोठ्या डोसची बी-कॉम्प्लेक्स लिहिणार असाल तर डिव्हाइनचा तो निकाल आधी वाचून घ्या. करायला हवी अशी ट्रायल कागदावर सोपी आहे: किडनी चांगली, फोलेट कमी, पिठात काही घातलेलं नाही, आणि बी१२ सायनो नसलेलं. पण गोळीवर पेटंट मिळत नाही म्हटल्यावर वीसेक हजार लोकांची पाच वर्षांची ट्रायल कोण कशाला करेल, त्यासाठी सरकारी पैसाच लागणार.